तृतीयांश नियम

छायाचित्राच्या चौकटीचे उभे व आडवे असे प्रत्येकी तीन समान भाग कल्पून विषयाची जागा ठरवण्याची पद्धत. दोन उभ्या व दोन आडव्या रेषांमुळे नऊ भाग आणि चार छेदबिंदू मिळतात. मुख्य विषय एखाद्या बिंदूपाशी ठेवावा आणि क्षितिज, झाडाचा बुंधा किंवा भिंतीची कड एखाद्या रेषेलगत यावी, असा संकेत आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये ही ‘ग्रिड’ पडद्यावर आणता येते.

नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. इंग्रज चित्रकार व उत्कीर्णक जॉन टॉमस स्मिथ याने १७९७ मध्ये ‘रिमार्क्स ऑन रूरल सीनरी’ या पुस्तकात तो याच नावाने मांडला. एका चित्रात सारख्याच तीव्रतेचे दोन प्रकाश नसावेत, एक प्रमुख व बाकीचे दुय्यम असावेत, हे सर जोशुआ रेनल्ड्झचे मत त्याने आधाराला घेतले आणि ते आकाश, जमीन, पाणी यांच्या वाटणीला लावले. बरोबर निम्मे टाळावे, पण चार-पंचमांशापर्यंतही ताणू नये. दोन-तृतीयांश व एक-तृतीयांश हे प्रमाण अधिक सुसंवादी, असे त्याचे म्हणणे होते.

नियमाचा खरा गाभा हाच आहे. आज शिकवताना छेदबिंदूंवरच भर दिला जातो आणि ‘चित्रात वरचढ कोण?’ हा मूळ प्रश्न मागे पडतो. समुद्रावर पावसाचे ढग दाटले असतील तर दोन-तृतीयांश जागा आकाशाची. आकाश कोरे आणि ओल्या वाळूवर ओहोटीची नक्षी असेल तर ती जागा किनाऱ्याची. हा निर्णय आधी, रेषा नंतर. व्यक्तिचित्रात डोळे साधारणपणे वरच्या रेषेवर येतात. धावणारा खेळाडू किंवा बाजूला पाहणारा चेहरा असेल, तर गतीच्या वा नजरेच्या दिशेला मोकळी जागा ठेवतात.

सुवर्ण गुणोत्तराशी या नियमाची गल्लत केली जाते. ३६ मिमी रुंदीच्या चौकटीत तृतीयांशाची रेषा कडेपासून १२ मिमीवर, तर सुवर्ण छेद सुमारे १३.७५ मिमीवर पडतो.

सममिती हाच विषय असेल तेथे नियम बाजूला ठेवावा. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराच्या मध्यातून पाहताना खांबांच्या दोन्ही रांगा नजर स्तूपाकडेच नेतात; तो स्तूप कडेला सरकवला तर वास्तूची रचनाच बिघडलेली दिसते.

मध्यभागी टिपलेला विषय नंतर कातरूनही उभ्या रेषेवर आणता येतो, पण त्यासाठी एका बाजूची पाव रुंदी कापावी लागते. लांबी-रुंदीचे मूळ गुणोत्तर राखायचे तर उंचीही तेवढीच घटते आणि २४ मेगापिक्सेलच्या चित्राचे १३.५ मेगापिक्सेल उरतात. म्हणून चौकट शक्यतो टिपतानाच ठरवावी.