विभाजित टेबल आणि क्वेरी प्लॅनरमधील दोष : पोस्टग्रेसच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

तिसगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील गाव. समजा, राज्यातील सर्व सातबारा उतारे एका टेबलात नोंदवले आणि ते टेबल जिल्हावार 36 भागांत विभागले. तिसगावातील एखाद्या गटाचा उतारा जिल्ह्याच्या नावासह मागितला, तर उरलेले 35 भाग उघडण्याचे कारण नाही. तलाठ्याला परगावचे दप्तर धुंडाळू नये हे शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. रिलेशनल डेटाबेसमध्ये वापरकर्ता काय हवे एवढेच सांगतो. ते कोणत्या मार्गाने शोधावे, हे क्वेरी प्लॅनर ठरवतो. खर्चाचा अंदाज घेऊन मार्ग निवडण्याची ही पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात आकारास आली आणि 1979 मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. प्रस्तुत लेखात पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त प्रणालीतील विभाजित टेबलांबाबत प्लॅनरचे दोष कसे उद्भवले व कसे हाताळले गेले, याचा विचार केला आहे. या कामात पुण्यात कार्यालय असलेल्या एंटरप्राइझडीबी या कंपनीतील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे; मराठी वाचकाला त्याची फारशी कल्पना नसते.

विभागणीची वाटचाल

2005 मध्ये आलेल्या 8.1 या आवृत्तीत विभागणी ही वारसा-संबंधावर, म्हणजे मूळ टेबल व त्याची अपत्य-टेबले या रचनेवर, आधारलेली होती. प्रत्येक अपत्यावरील अट तपासून अनावश्यक भाग वगळला जाई. भाग शेकड्यांनी वाढले की ही तपासणीच जड होई, कारण हे सर्व भाग मिळून एकच टेबल आहे, याची प्लॅनरला जाणीव नव्हती. ती जाणीव 2017 मधील 10 व्या आवृत्तीत आली. जपानमधील एनटीटीत काम करणारे अमित लांगोटे यांनी उभारलेल्या घोषित विभागणीमुळे भागांच्या सीमा प्रणालीच्या नोंदीत गेल्या.

खरा कस लागला तो पुढच्या वर्षी. 11 व्या आवृत्तीसाठी एंटरप्राइझडीबीचे आशुतोष बापट यांनी भागवार जोडणी सिद्ध केली. उताऱ्यांचे टेबल आणि पीक-नोंदींचे टेबल दोन्ही जिल्हावार विभागलेले असतील, तर अहिल्यानगरचा भाग अहिल्यानगरच्याच भागाशी जोडावा, सगळे सगळ्यांशी ताडून पाहू नये, अशी ही कल्पना. जीवन चाळके, बापट व रॉबर्ट हास यांनी त्याच धर्तीवर भागवार गटबांधणी आणली.

2018 चा दोष

11 व्या आवृत्तीच्या चाचणीकाळात काही क्वेरी त्रुटी दाखवून थांबू लागल्या. कारण सूक्ष्म आहे. क्वेरीत एखादा स्तंभ न मागता संपूर्ण ओळच एक मूल्य म्हणून मागता येते. अपत्य-टेबलातील स्तंभांचा क्रम मूळ टेबलापेक्षा वेगळा असू शकतो. म्हणून अपत्याच्या ओळीचे मूळ ओळीच्या रूपात रूपांतर करावे लागते. नव्या कामामुळे ही रूपांतराची पदावली अशा यादीत जाऊन बसली, जिथे केवळ साधे स्तंभ किंवा त्यांच्या जागी ठेवलेली चिन्हेच असतात असे प्लॅनरचा जुना भाग गृहीत धरीत होता. हे गृहीतक तोवर खरेच होते. परिणामी, कोठे क्रमवारीसाठी लागणारा घटक सापडेना, तर कोठे खालच्या पातळीवरून यायचे मूल्यच मिळेना.

बापट यांनी दोषाचे विश्लेषण केले. दुरुस्तीच्या दोन दिशा सुचवल्या गेल्या. बापट यांची दिशा रूपांतर त्या यादीतच ठेवून इतर भाग सुधारण्याची होती. एत्सुरो फुजिता यांची दिशा यादीत अपत्याची मूळ ओळ ठेवून रूपांतर नंतर करण्याची होती. दोन्हींना अजून बरेच काम हवे होते आणि प्रकाशन तोंडावर आले होते. ऑगस्ट 2018 च्या अखेरीस तिसराच मार्ग पत्करण्यात आला. संपूर्ण ओळ मागणाऱ्या क्वेरींपुरती भागवार जोडणी नाकारण्यात आली आणि त्यासाठी प्लॅनरमध्ये घातलेली संहिता काढून टाकण्यात आली. याला माघार म्हणता येईल. परंतु ज्या संहितेची खात्री नाही ती हजारो संस्थांच्या हाती देण्यापेक्षा ही माघार अधिक शहाणपणाची होती, असेच म्हणावे लागते. ऑक्टोबर 2018 मध्ये 11 वी आवृत्ती या मर्यादेसह प्रसिद्ध झाली आणि पुढील आवृत्त्यांतही ती अट टिकून राहिली.

पुढे 2020 च्या 13 व्या आवृत्तीत सीमा तंतोतंत न जुळणाऱ्या भागांचीही जोडणी शक्य झाली. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, हे उदाहरण येथे बोलके ठरते. एका टेबलात पालघरचा स्वतंत्र भाग आहे व दुसऱ्यात तो नाही, अशी स्थिती असली तरी साध्या जोडणीत आता अडथळा येत नाही.

मूक दोष

2018 चा दोष निदान बोलका होता; क्वेरी थांबे व वापरकर्त्याला कळे. नोव्हेंबर 2024 मध्ये 17.1 या उपआवृत्तीत दुरुस्त झालेला दोष त्याहून घातक होता. मजकुराची तुलना कोणत्या नियमाने करावी, हे प्रत्येक स्तंभासाठी ठरवता येते. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे वेगळी मानणाऱ्या नियमाने टेबल विभागले, तर मोठ्या अक्षरांतील ‘तिसगाव’ एका भागात व लहान अक्षरांतील दुसऱ्या भागात जाऊ शकते. आता दोन्ही एकच मानणाऱ्या नियमाने गावनिहाय बेरीज मागितली, तर उत्तरात एकच ओळ यायला हवी. भागवार गटबांधणीने मात्र प्रत्येक भागाची बेरीज स्वतंत्र धरून दोन ओळी दिल्या असत्या. त्रुटीचा संदेश नाही, सूचना नाही, आणि उत्तर चुकीचे. दुरुस्ती पुन्हा नकाराचीच झाली. दोन नियम जुळत नसतील, तर भागवार गटबांधणी करू नये आणि जोडणीही करू नये.

नियोजनास लागणारी स्मृती व वेळ हा प्रश्न यापेक्षा निराळा. भाग वाढले की पर्यायी मार्गही वाढतात. सप्टेंबर 2025 च्या 18 व्या आवृत्तीत रिचर्ड गुओ, टॉम लेन व बापट यांच्या कामामुळे भागवार जोडणीचा स्मृतिभार घटला. तरीही या आवृत्तीत ती सुविधा मूलतः बंदच ठेवलेली आहे; व्यवस्थापकाला ती स्वतः सुरू करावी लागते.