मठ गेला, पथिकाश्रम उरला

‘पब’ हा शब्द आपल्याकडे उच्चारला की मंद दिवे, कर्णकर्कश संगीत आणि महानगरातील उशिरापर्यंत जागणारी रात्र डोळ्यांसमोर उभी राहते. पण हा शब्द मुळात ‘पब्लिक हाउस’ या दोन शब्दांचा संक्षेप आहे, आणि त्याचा सरळ अर्थ ‘लोकांचे घर’ असा होतो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात या घराने शतकानुशतके धर्मशाळा, खाणावळ, बाजारपेठ आणि गावची चावडी अशा अनेक जबाबदाऱ्या पेलल्या. अशाच एका घराचा जन्म चक्क एका मौनव्रती मठाच्या आश्रयाने झाला, हे वाचकांस नवलाचे वाटेल. त्या घराची ही हकीकत.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सॉमरसेट परगणा आहे. तेथे बाथ शहराच्या दक्षिणेस सुमारे सात मैलांवर नॉर्टन सेंट फिलिप हे छोटे गाव वसले आहे. गावाच्या मध्यभागी ‘जॉर्ज इन’ ही भव्य वास्तू उभी आहे. तिचा तळमजला दगडी असून त्यावरचे मजले लाकडी चौकटीचे, रस्त्याच्या बाजूला किंचित पुढे झुकलेले आहेत. मधोमध प्रशस्त कमान आहे. इमारतीच्या मागे उतारावर, हिरव्या कुरणापलीकडे संत फिलिप व संत याकोब यांच्या नावाचे चर्च दिसते. मंदिर आणि पथिकाश्रम असे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असणे हा योगायोग नव्हे.

गावापासून जवळच हिंटन येथे कार्थुसियन संघाचा मठ होता. सॉलझ्बरीची काउंटेस एला या धर्मशील विधवेने १२३२ साली आपल्या दिवंगत पतीची इच्छा पूर्ण करण्यासाठी तो स्थापन केला. परंपरा सांगते की तिने एकाच दिवशी सकाळी लेकॉक येथे व्रतस्थ स्त्रियांच्या मठाची आणि दुपारी हिंटनच्या मठाची पायाभरणी केली. कार्थुसियनांचे जीवन अत्यंत कठोर असे. प्रत्येक मठवासी स्वतंत्र कुटीत राहून मौन, प्रार्थना आणि श्रम यांत दिवस घालवी. संपूर्ण इंग्लंडमध्ये या संघाचे जेमतेम नऊ मठ भरभराटीस आले. त्यांतील हिंटन हा दुसरा.

मात्र मौनालाही अन्न लागते. मठाचा चरितार्थ जमिनीवर आणि मेंढ्यांवर चाले. मध्ययुगात लोकर हीच इंग्लंडची खरी संपत्ती होती. नॉर्टनची जमीन मठाच्या ताब्यात होती, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे लोकरीची वार्षिक जत्रा भरू लागली. दूरदूरचे व्यापारी यायचे. त्यांना निवारा हवा, घोड्यांना तबेला हवा, मालाला कोठार हवे. म्हणून चौदाव्या शतकात मठाने हा पथिकाश्रम उभारला. खाली पाहुण्यांची सोय आणि वर लोकरीचा साठा, अशी ही व्यवस्था होती. पाहुण्याला ख्रिस्त मानून त्याचे स्वागत करावे, असा दंडक संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या ५३व्या प्रकरणात घालून दिला होता आणि पाश्चात्त्य मठजीवनावर त्याचा खोल ठसा उमटला होता. बाजाराचा गलबला कुटीपर्यंत पोहोचू द्यायचा नाही आणि वाटसरूला दारातून परतही पाठवायचे नाही, या दोन्ही गोष्टी जॉर्जमुळे साधल्या.

या पथिकाश्रमाकडे १३९७ सालापासूनचा परवाना आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. दंडाधिकाऱ्यांकडून परवाना घेण्याचे बंधन मद्यगृहांवर देशभर घातले गेले ते १५५२ च्या कायद्याने. तेव्हा १३९७ चा दावा आजच्या अर्थाने परवान्याचा मानता येणार नाही. वास्तूचे वय मात्र त्यामुळे कमी होत नाही.

पुढे आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करण्याचा सपाटा लावला. १५३५ साली लंडनच्या कार्थुसियन मठाचे प्रमुख जॉन हॉटन यांना राजाचे धार्मिक सर्वाधिकार नाकारल्याबद्दल देहदंड मिळाला. १९७० साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. हिंटनचे मठप्रमुख एडमंड होर्ड यांनीही प्रथम नकार दिला. मठाची मालमत्ता आपली नाही, तेव्हा ती देऊन टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पण मार्च १५३९ मध्ये त्यांना सही करावी लागली. कुटी ओस पडल्या, प्रार्थना थांबल्या. आज हिंटनला मठाच्या सभागृहासारखे काही मोजके अवशेष तेवढे उभे आहेत.

जॉर्ज मात्र टिकला. राजाला मठ नकोसा झाला, तरी जत्रा हवीच होती आणि जत्रेकरूला अंथरूण लागणारच होते. संतांची नावे पुसण्याच्या त्या काळात राष्ट्राचा आश्रयदाता असलेल्या संत जॉर्जचे नाव दारावर राहिले. आता यजमान मठवासी नव्हता, पैसे मोजून घेणारा व्यावसायिक होता. आतिथ्य व्रत होते, त्याचा धंदा झाला. परंतु दार उघडेच राहिले.

१२ जून १६६८ रोजी रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स सॉलझ्बरीकडून बाथला जाताना नॉर्टनला थांबला. त्याने चर्चमधील जुनी थडगी पाहिली, सहा घंटांच्या सुरेल नादाचे कौतुक केले, आणि उत्तम जेवणापोटी दहा शिलिंग खर्च झाल्याचे टिपून ठेवले. हे जेवण जॉर्जमध्येच झाले, असे गाव मानते.

सतराच वर्षांनी याच छपराखाली वेगळे पाहुणे आले. दुसऱ्या चार्ल्सचा अनौरस पुत्र, प्रॉटेस्टंट ड्यूक ऑफ मॉनमथ, याने आपला कॅथलिक चुलता राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध बंड पुकारले होते. जून १६८५ च्या अखेरीस त्याने जॉर्जमध्ये तळ दिला. २७ जूनला गावच्या अरुंद गल्लीत राजाच्या सैन्याशी चकमक झाली, आणि राजाच्या आघाडीच्या तुकडीचा सरदार होता मॉनमथचाच सावत्र भाऊ, ड्यूक ऑफ ग्राफ्टन! ६ जुलैला सेजमूरच्या लढाईत बंड चिरडले गेले, १५ जुलैला मॉनमथचा शिरच्छेद झाला. त्यानंतर न्यायाधीश जेफ्रीजने त्या परगण्यांत जे खटले चालवले ते ‘रक्तरंजित न्यायसत्र’ म्हणून कुप्रसिद्ध आहेत. जॉर्जच्या एका खोलीत न्यायासन मांडले होते आणि गावात बारा जणांना फाशी दिली गेली, असे परंपरा सांगते. शेतकरी, विणकर, कारागीर अशी ही सामान्य माणसे होती. एका कॅथलिक राजाच्या नावाने हे क्रौर्य घडले, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. सत्तेच्या हाती धर्म लागला की काय होते, हे १५३९ ने एका बाजूने शिकवले, १६८५ ने दुसऱ्या बाजूने.

पुढे लोकरीचा व्यवसाय उत्तरेकडील यंत्रगिरण्यांनी खेचून नेला. नॉर्टनची जत्रा रोडावत गेली आणि १९०२ नंतर भरलीच नाही. ज्या कारणासाठी पथिकाश्रम बांधला ते कारणही संपले. तरी घर राहिले. शासनाने त्याला पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

सगळ्याच गावांचे नशीब असे थोर नाही. गेल्या काही दशकांत इंग्लंडमधील हजारो पब बंद पडले. शेतावरचे मजूर घटले, घरे महागली, दुकानात स्वस्त दारू मिळू लागली. पब बंद पडतो तेव्हा केवळ एक दुकान जात नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाची संध्याकाळची सोबत जाते, गावची वार्ता जिथे कळायची ती जागा जाते. म्हणूनच कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट येथील ग्रामस्थांनी २००३ साली सहकारी तत्त्वावर आपला ‘ओल्ड क्राउन’ विकत घेतला. २०११ च्या कायद्याने तर अशी वास्तू विक्रीस निघाल्यास, पैसे उभे करण्यासाठी गावाला सहा महिन्यांची मुदत मागता येते.

मद्याच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आपण पाहतो, आणि इंग्लंडनेही ती पाहिली आहेत. तेव्हा पबचा गौरव करणे हा या लेखाचा हेतू नाही. पण हिंटनच्या मठवासीयांनी व्यापाऱ्यासाठी बांधलेले दार त्यांच्यामागे पावणेपाचशेहून अधिक वर्षे उघडे राहिले, यात एक बोध आहे. प्रार्थनेची भिंत राजाज्ञेने पाडता येते. परक्याला आत घ्यावे, या सवयीची मुळे मात्र लोकजीवनात गेली की तिला कोणतीही राजाज्ञा सहजासहजी उपटू शकत नाही.