अमेरिकेतील युद्ध आणि सुप्यातील कर्जखते

12 मे 1875 हा पुणे जिल्ह्यातील सुपे या गावचा बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी आसपासच्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या. सावकाराने कागद निमूट दिले, तिथे सहसा कोणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. कागद मात्र जाळले गेले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसेक गावांत पसरले. या दंग्यामागच्या कारणांचा माग काढत गेले की दहा वर्षांपूर्वी संपलेल्या अमेरिकेतील यादवी युद्धापाशी पोचावे लागते. कारण दुप्पट झाले म्हणून परिणाम दुप्पटच होत नाही, याला गणिती अरेषीय परिणाम म्हणतात; आणि कधी कधी कारण नाहीसे झाले तरी परिणाम मागे फिरत नाही. दख्खनची ही हकिगत या दोन्हींचा आपल्या इतिहासातला सर्वांत स्वच्छ दाखला आहे.

1861 मध्ये युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला. लिव्हरपूलच्या बाजारात भाव तिपटीहून वर गेले. भारतीय कापसाच्या विक्रीतून मुंबईत आलेला पैसा बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा मिळाली, आणि तेजी स्वतःच्याच बळावर वाढू लागली. शेअरचा भाव वाढला की त्यावर जास्त कर्ज मिळे, त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात आणि भाव पुन्हा वाढे. बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतील दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती जनरल ली शरण आला, युद्ध संपले आणि तेच चक्र उलटे फिरले. 1 जुलैला वायद्यांची पूर्तता करण्याची वेळ आली, तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. खुद्द बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. 1864 च्या शिरगणतीत मुंबईत 8,16,562 माणसे होती; 1872 मध्ये 6,44,405 उरली.

सुप्याचा परिसर ज्वारी-बाजरीचा. तिथे कापूस फारसा नव्हताच, मग त्या तेजीचा याच्याशी काय संबंध, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप वजनदार आहे. पण तेजी कापसापुरती थांबली नव्हती. धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली, गाडीभाडे वाढले आणि कुणब्याची पत वाढल्यामुळे सावकाराने हात सैल सोडला. नेमक्या त्याच चढ्या भावांकडे बोट दाखवून सरकारने तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची फेरआकारणी केली. 1867 मध्ये इंदापूर तालुक्याचा सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला. पुढे भाव उतरले, कामे संपली, सावकाराने हात आखडला. सारा आणि कर्ज मात्र चढ्या काळाच्या मापानेच द्यावे लागले.

त्यात कायद्याने भर घातली. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीच्या नियमाप्रमाणे थकलेले व्याज मुदलाच्या वर जाऊ शकत नव्हते. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे बहुतेक कर्जखते तीन वर्षांत कालबाह्य होऊ लागली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी खत नवे करून घेऊ लागला आणि प्रत्येक वेळी थकलेले व्याज मुदलात मिळवू लागला. महिना दोन टक्के दराने घेतलेले शंभर रुपये तीन वर्षांनी 172, सहा वर्षांनी 296 आणि नऊ वर्षांनी 509 होतात. दामदुपटीने हेच देणे दोनशेवर थांबले असते. 1866 साली अंगठा उठवलेल्या माणसाला 1875 मध्ये आपण काय देणे लागतो हे ओळखूच येऊ नये, यात नवल नाही.

सावकाराची हाव हेच खरे कारण, असेही म्हटले जाते. हाव होती, आणि कोऱ्या कागदावर अंगठे घेण्याइतकी निर्लज्ज होती. पण ती 1865 मध्ये जन्मली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या असलेली हाव त्याच दशकात असह्य का झाली, याचे उत्तर माणसाच्या स्वभावात सापडत नाही. ते चढ्या भावाने ठरलेला सारा आणि दामदुपटीचा लगाम सुटलेले व्याज यांच्या जोडीत सापडते. दोन्हींपैकी एकच असते तर कुणबी कदाचित तगला असता.

1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, आणि सुटलेला लगाम काही अंशी परत आला. आजही शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा व्याजदर आणि माफीच्या रकमेभोवतीच फिरते. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: थकलेले व्याज मुदलात मिळवले जाते का, आणि भाव पडला तर देणेही उतरते का? दोन्हींची उत्तरे शेतकऱ्याच्या विरोधात असतील, तर कमी व्याजदरही त्याला वाचवणार नाही.