वनपर्यटन व ग्रामविकास : चंद्रपूर-गडचिरोली

विदर्भाच्या पूर्व टोकाकडील या दोन वनजिल्ह्यांत जंगलावर आधारलेल्या उपजीविकेच्या दोन वेगळ्या वाटा दिसतात. चंद्रपुरात वाघ पाहायला येणारा पर्यटक, तर गडचिरोलीत बांबू, मोह आणि तेंदूपान.

चंद्रपुरातील ताडोबा (१९५५) हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. २०१० मध्ये भोवतीचे बफर क्षेत्र घोषित झाले आणि पर्यटनाचा पैसा गावांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढली. मोहर्ली, आगरझरी, देवाडा, कोलारा इथले तरुण मार्गदर्शक किंवा जिप्सीचालक झाले. आगरझरीला फुलपाखरू उद्यान आणि इरई जलाशयातील नौकाविहार आहे. मात्र मोठ्या रिसॉर्टची मिळकत बरीचशी बाहेर जाते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते आणि त्या महिन्यांत हा रोजगार आटतो. सरपण, मोहफुले वेचायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात; पर्यटनाच्या हिशेबात ही किंमत धरली जात नाही, ती धरलीच पाहिजे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्यानुसार सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गावचे नेते देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने ग्रामसभेने २०११ पासून बांबूची विक्री स्वतः सुरू केली. निर्णय सर्वसहमतीने होतात. पुढे चंद्रपुरातील पाचगावनेही हीच वाट धरली. गडचिरोलीतही पर्यटनस्थळे आहेत; कमलापूरचा हत्ती कॅम्प आणि सिरोंचाजवळचे वडधम जीवाश्म उद्यान ही त्यांपैकी होत.