हौसेचे मोल

‘हौसेला मोल नाही’ असे आपण लग्नघरात म्हणतो, पोळ्याच्या बाजारातही म्हणतो. हौस भागवताना किंमत पाहू नये, हा त्या म्हणीचा उघड अर्थ. तिच्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे: हौसेने घेतलेली वस्तू उद्या विकायला काढली, तर तिचे हाती फारसे काही लागत नाही. विसाव्या शतकातील स्पोर्ट्स कारच्या इतिहासाने हा दुसरा अर्थ मात्र पार उलटा केला. निव्वळ वेगाच्या आनंदासाठी घेतलेल्या काही गाड्या पुढे चित्रांच्या आणि रत्नांच्या किमतीला विकल्या गेल्या. या इतिहासाची मराठी बाजू पाहायची, तर आम्हांला बीड जिल्ह्यातल्या परळीपासून सुरुवात करणे सोयीचे वाटते. मोटारींचा विषय ज्योतिर्लिंगाच्या पायऱ्यांपाशी का, हे पुढे कळेल.

परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्यांचे जन्मगाव चौंडी आजच्या बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी आपल्या राज्याबाहेर, काशीपासून रामेश्वरापर्यंत, जी बांधकामे केली त्यांतलेच हे एक. होळकरांच्या व्यवहारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी विभागणी होती; दौलत राज्याची, खासगी घराण्याची. अहिल्याबाईंचा दानधर्म प्रामुख्याने खासगीतून झाला, असे इतिहासकार नोंदवतात. खासगी पैशाचे काय करायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. अहिल्याबाईंनी त्यातून घाट, बारवा आणि देवळे उभी केली.

त्याच गादीवर १९२६ साली यशवंतराव होळकर (दुसरे) आले. बावला खून प्रकरणानंतर वडील तुकोजीराव यांना पदत्याग करावा लागला, तेव्हा यशवंतराव अठराही वर्षांचे नव्हते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या तरुणाने इंदूरला माणिकबाग हा महाल एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून, लोखंड, काच आणि कृत्रिम चामड्याच्या नव्या भाषेत सजवून घेतला. ब्रांकुशीची पक्षिशिल्पे विकत घेतली. मॅन रेच्या कॅमेऱ्यासमोर पत्नी संयोगिताराजे यांच्यासह मोकळेपणाने बसला. मोटारी हा त्याच अभिरुचीचा भाग होता. १९३०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ जातीची सांगाडागाडी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून उघडी, लांबलचक, भरधाव दिसणारी काया चढवली. रंग भगवा आणि काळा. आठ सिलिंडरांच्या, जवळजवळ सात लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर जोडलेला. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. त्या काळच्या माळव्यातील रस्ते डोळ्यांपुढे आणले म्हणजे या आकड्यातला विनोद कळतो. हा वेग वापरण्यासाठी नव्हता, जवळ असण्यासाठी होता. जाहीरपणे कोणी असे म्हणत नसे, एवढेच.

त्या वेळी बीड, अंबाजोगाई, परळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तो १९४८ पर्यंत तसाच राहिला. हैदराबादेतही गाड्या होत्या. सहाव्या निजामाने मागवलेली रोल्स-रॉइसची पिवळी ‘सिंहासन-गाडी’ तो १९११ साली वारल्यानंतर पोहोचली आणि मुलाच्या कारकिर्दीत मिरवणुकीपुरती बाहेर निघत राहिली. सातव्या निजामाची काटकसर दंतकथेसारखी सांगितली जाते. एकाने हौस केली, दुसऱ्याने वस्तू झाकून ठेवली. दोघांचाही पैसा शेवटी रयतेच्या शेतातून आला होता. आज अशा गाड्यांची छायाचित्रे पाहून हळहळणारे लेखन वाचताना आम्हांला ही गोष्ट विसरता येत नाही.

ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ साली बुडाली. ‘जे’ मालिकेच्या साऱ्या मिळून सुमारे ४८० गाड्या निघाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांतल्या कित्येक अमेरिकेत काही शे डॉलरांत मिळत. पेट्रोल पिणारे, सुटे भाग न मिळणारे हे धूड कोणाला हवे होते? म्हणजे आपली म्हण तेव्हा खरी ठरली होती. ज्यांनी त्या काळात त्या घेतल्या त्यांपैकी बहुतेकांना भविष्यातील किमतीची कल्पना असणे कठीण. त्यांना ती गाडी हवी होती, इतकेच. पुढे याच मालिकेतील, अभिनेता गॅरी कूपर याची आखूड सांगाड्याची गाडी २०१८ साली कॅलिफोर्नियात २ कोटी २० लाख डॉलरांना विकली गेली. होळकरांची गाडीही भारताबाहेर जाऊन अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती पोहोचली. माणिकबागेतील सामानाचा लिलाव १९८० साली मोनाकोत झाला. ब्रांकुशीचे दोन संगमरवरी पक्षी १९७३ पासून कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर भारत सरकारने निर्बंध घातले खरे, पण तोवर कितीतरी गाड्या बोटीवर चढल्या होत्या.

हे मोल येते कुठून? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. संग्राहक गाडीची पारख करतो तेव्हा सांगाड्याचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक मूळचेच आहेत का, रंग कोणी बदलला, काया कोणत्या साली उतरवली, मालकांची साखळी अखंड आहे का, हे तपासतो. ही पाठचिकित्सा आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीतील प्रक्षेप वेगळे काढले, त्याच जातीची ही दृष्टी. फरक एवढाच की तिथे शुद्ध पाठ सर्वांचा झाला, इथे तो लिलावात एकाचा होतो. वाल्टर बेन्यामिन याने १९३०च्या दशकात, म्हणजे नेमका होळकरांच्या खरेदीच्या काळात, लिहिले होते की संग्राहक वस्तूंना उपयुक्ततेच्या वेठीतून सोडवतो. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी आठवावी. पांघरायचे कापड, त्यावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले आणि ते पांघरण्याच्या कामातून कायमचे सुटले. पण पासोडीला बाजार नाही. बेन्यामिनच्या वाक्यात जी मुक्ती आहे ती मोटारीच्या बाबतीत अर्धीच खरी: गाडी रस्त्याच्या वेठीतून सुटते आणि गुंतवणुकीच्या वेठीला लागते.

याचा अलीकडचा, आणि अस्सल मराठी, दाखला सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीचा. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. फियाटने दिलेली लाल ३६० मॉडेना त्याच वर्षी मायकेल शूमाकर याच्या हस्ते त्यांना मिळाली. २००३ साली १ कोटी १३ लाख रुपयांच्या आयात शुल्काची माफी जाहीर झाली, त्यावर वाद उठला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क कंपनीने भरले. आपल्या लाडक्या खेळाडूच्या हौसेचा भार तिजोरीने का सोसावा, हा प्रश्न तेव्हा लोकांनी विचारला, याचे आम्हांला बरे वाटते. तीसच्या दशकात इंदूरच्या रयतेला तो विचारण्याची सोय नव्हती. २०११ साली ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाने घेतली. ३६० मॉडेना कंपनीने हजारोंनी बनवल्या. दुर्मीळता तिच्या पत्र्यात नाही, सुकाणूवर कोणाचे हात होते त्यात आहे. म्हणजे इथे मोल चरित्राचे.

आता कायदाही या विभागणीत उतरला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरती ती रस्त्यावर आणता येतात, रोजच्या वापराला नाही. जी गाडी आनंदासाठी जन्मली तिच्या आनंदाला असे सरकारी वेळापत्रक लागले. त्यात चूक काही नाही. जुनी यंत्रे धूर ओकतात. पण भविष्यातील किमतीवर डोळा ठेवून आज स्पोर्ट्स कार घेणारा मनुष्य हे वेळापत्रक स्वतःवर आधीच लादून घेतो: एकेक किलोमीटर मोजतो, पावसात काढत नाही, आसनावरचे प्लॅस्टिक फाडत नाही. यशवंतरावांनी असे केले असते, तर ती भगवी-काळी गाडी कोणी बनवूनच घेतली नसती.

होळकरांच्या खासगीतून परळीला जे उभे राहिले, त्याचे मूल्यांकन कोणत्याही लिलावगृहाने केलेले नाही. महाशिवरात्रीला त्या पायऱ्यांवर इतकी गर्दी होते की पाय ठेवायला जागा नसते.