पद्मश्रीच्या आधीचा मान

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेशी गोंड समाजाची जी कथा जोडलेली आहे, तिच्या ऐन मोक्याच्या जागी एक वादक उभा आहे. काली कंकालीची तेहतीस मुले गुहेत कोंडली गेली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवले खरे. पण तोंडावरची शिळा हलवण्याचे बळ आले ते हिरासुका पाटालीरच्या वाद्याने, आणि तो स्वतः त्याच शिळेखाली चिरडला गेला. आजही लिंगोच्या कथेत त्याचे नाव गाळून चालत नाही. कलावंताचा गौरव म्हणजे त्याचे नाव पुन्हापुन्हा घेणे, ही इथली जुनी रीत. म्हणूनच झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या पट्ट्याच्या, कलावंतांना मान्यता फार उशिरा मिळाली, ही नेहमीची हळहळ मला अर्धीच पटते. मान्यता वेळेवर मिळत होती, रखडली ती तिची सरकारदप्तरी नोंद.

परशुराम खुणे यांचेच पाहा. गडचिरोलीच्या या नटाला 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सरकारी परिचयात 5000 हून अधिक प्रयोग आणि 800 भूमिका असे आकडे होते. पण आकडे एवढे फुगतात कसे? दिवाळीनंतर गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक चालते. गावचे मंडळ नाटक कंपन्यांचे ठाणे असलेल्या वडशाला जाऊन नाटक ठरवते. नट पडला तर पुढच्या वर्षी त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे प्रत्येक हंगाम हीच परीक्षा, आणि पुन्हा आलेले बोलावणे हाच निकाल. खुणे यांना लोक ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणू लागले, तेही दिल्लीला विचारून नव्हे. (आपल्या नटाची थोरवी सांगायला मुंबईचे नाव उसने घ्यावे लागले, ही त्यातली बोच वेगळी.)

लेखकाचे गणित थोडे निराळे. रिझर्व्ह बँकेत नोकरी करत गोंडी भाषा आणि कोया पुनेम या गोंडांच्या धर्मावर लिहिणारे मोतीरावण कंगाली 1980 च्या दशकात कचारगडची यात्रा नव्याने उभी करणाऱ्यांपैकी एक. माघ पौर्णिमेला तिथे पुस्तकांची दुकाने लागतात, पूजेच्या साहित्याबरोबर धर्म-इतिहासाची पुस्तकेही खपतात. अशा वाचकांसाठी परीक्षक मंडळ बसवावे लागत नाही.

यावर आक्षेप येईल की लोक चुकतात, आणि त्याचा साक्षीदार शेजारच्याच आमगाव तालुक्यात आहे. भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. नटांशी मैत्री असल्याचे सांगणाऱ्या या नाटककाराने समकालीनांच्या अवहेलनेची तक्रारही केली आणि समानधर्मी वाचक पुढे कधीतरी जन्मेल अशी आशा धरली. पण कल्हण त्याला कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी असल्याचे सांगतो. दोन्ही खरे धरले, तर राजाश्रय मिळूनही लेखकाची भूक भागतेच असे नाही, एवढे तरी दिसते. लोक चुकतात, तसे दरबारही चुकतात. मंडईची चूक निदान पुढच्या दिवाळीत दुरुस्त होऊ शकते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. बोलावणे नटाचा गळा शाबूत असेपर्यंतच येते. गुडघे दुखू लागले की प्रेक्षकांचे प्रेम औषधाच्या दुकानात चालत नाही. हे मान्य करावेच लागते, आणि इथे सरकारी मान्यतेला पर्याय नाही. मात्र पद्मश्री एखाद्याच्याच वाट्याला येते; बाकीच्यांना वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा आधार, आणि त्या अर्जाला कलासेवेचे पुरावे जोडावे लागतात. एका रात्रीपुरती छापलेली नाटकाची पत्रके कोण सांभाळून ठेवतो? ज्या मंडळांनी चाळीस-चाळीस वर्षे नटांना बोलावले, त्यांनी आपल्या हंगामांची वही ठेवली असती, तर तीच आज दाखला म्हणून पुढे करता आली असती. ही वही अजूनही सुरू करता येईल. त्यासाठी कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाही.