चक्रमुद्रितातलं चक्र

हाताने घडवलेल्या सचित्र पुस्तिकांवर एक कलाप्रकल्प करायचा म्हणून जुन्या अनियतकालिकांच्या मागे लागले आणि ‘चक्रमुद्रित’ या शब्दापाशी अडकले. सायक्लोस्टाईलला मराठीने दिलेलं हे नाव. यातलं चक्र कुठलं? माझी समजूत होती, यंत्राचं गरगर फिरणारं नळकांडं. पण मूळ चाक होतं लेखणीच्या टोकाला, जेमतेम दिसेल एवढं.

हंगेरीत जन्मलेल्या डेव्हिड गेस्टेटनरने 1881 साली लंडनमध्ये त्या लेखणीचं पेटंट घेतलं. निबेच्या जागी दातेरी चाक. मेणकागदावर लिहीत गेलं की अक्षराच्या वाटेवर बारीक भोकांची रांग पडायची. मग कागद चौकटीत ताणून वरून शाईचा रूळ फिरवायचा. शाई भोकांतून झिरपून खालच्या कोऱ्या कागदावर उतरायची. ग्रीक भाषेत चाकाला ‘क्युक्लोस’ म्हणतात, म्हणून लेखणीचं नाव सायक्लोस्टाईल. ‘क्युक्लोस’ आणि ‘चक्र’ एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. ‘चक्रमुद्रित’ शब्द घडला तेव्हा एक लांबचा भाऊबंदच घरी आला म्हणायचा.

गेस्टेटनर तरुणपणी व्हिएन्नात कारकून होता. तोच मजकूर हाताने पुन्हा पुन्हा उतरवायचं काम. पुढे अमेरिकेत त्याने जपानी पतंग विकले आणि पतंगाच्या चिवट, पातळ कागदावरून त्याला ही युक्ती सुचली, असं सांगतात. तिकडे एडिसननेही 1876 मध्ये भोकं पाडणाऱ्या विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं. 1887 पासून शिकागोच्या ए. बी. डिक यांनी त्याच कुळातलं उपकरण ‘मिमिओग्राफ’ नावाने विकायला काढलं. ही सगळी कचेरीची अवजारं. परिपत्रकं, दरपत्रकं, परीक्षेचे पेपर यांच्यासाठी झालेली.

पुढे टंकलेखन यंत्रावर स्टेन्सिल, म्हणजे हा भोकांचा मेणकागद, कापायची सोय झाली. फीत बाजूला सारायची, म्हणजे खिळा थेट मेणकागदावर बसतो. ठोका जास्त जोरात पडला तर अक्षराच्या पोटातला गोल तुकडा गळायचा आणि छापताना तिथे काळा ठिपका यायचा. चित्र काढायचं तर बोथट टोकाच्या सळईने, खाली पाटी ठेवून. काळा मोठा भाग भरायची सोय नाही. तेवढा मेणकागद खरवडला तर तो फाटतो. या पुस्तिकांतली चित्रं बारीक रेघांची आणि ठिपक्यांची का असतात, याचं बरंचसं उत्तर मला इथे मिळालं. ती शैली मेणकागदाने शिकवलेली आहे. आज संगणकावर तशी रेघ काढणाऱ्याने एकदा तरी स्टेन्सिल हाताळावी, असं मला मनापासून वाटतं.

कारकुनाचं हे अवजार वाचकांच्या हाती पडलं आणि झीन, म्हणजे हौसेने स्वतःच काढलेली पुस्तिका, जन्मली. 1930 मध्ये शिकागोतून विज्ञानकथांच्या चाहत्यांनी ‘द कॉमेट’ काढलं. ती पहिली फॅनझीन मानतात. शब्द मात्र दहा वर्षांनी आला, 1940 मध्ये, लुई रसेल शोव्हने या चाहत्याने घडवलेला. त्याचंच शेपूट म्हणजे ‘झीन’.

आपल्याकडे 1950च्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं, तेही चक्रमुद्रित. छापखान्याचं बिल नाही, संपादकाच्या होकाराची वाट बघणं नाही. 1965 मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांनी अलाहाबादेतून इंग्रजी ‘डॅम यू’ काढलं, तेही याच तंत्राने. ‘झीन’पेक्षा मला ‘अनियतकालिक’ शब्द जास्त जवळचा वाटतो. तो कुणाच्या चाहत्यांपुरता नाही. वेळेवर येण्याचं वचन देत नाही, इतकंच.

मग झेरॉक्स आलं आणि कचेऱ्यांतली सायक्लोस्टाईल यंत्रं कोपऱ्यात गेली. पण कूळ संपलं नाही. 1946 मध्ये टोकियोत स्टेन्सिल-छपाईचं काम करणारा एक छोटा व्यवसाय सुरू झाला होता. त्याच रिसो कंपनीने 1980 मध्ये रिसोग्राफ आणला. तोही शाळा-कचेऱ्यांसाठीच. जगभरचे झीनवाले आज त्याच्यावर जीव टाकतात. एका वेळी एक रंग, दुसरा रंग चढवताना कागद किंचित सरकतो आणि चित्राच्या कडेला पांढरी फट राहते. आत चाकाऐवजी उष्णता आहे. मास्टरच्या, म्हणजे इथल्या स्टेन्सिलच्या, पातळ पापुद्र्याला ती बारीक भोकं पाडते, आणि शाई अजूनही त्या भोकांतूनच येते.